थेंब घालण्याआधी

मे महिन्यात नागपूरचं ऊन सकाळी साडेआठलाच डोळ्यांत घुसतं. या धर्मादाय नेत्ररुग्णालयाच्या फाटकापासून ओपीडीच्या दारापर्यंत माणसं बऱ्यापैकी सरळ चालत येतात आणि दाराच्या आत पाऊल पडलं की जागच्या जागी थबकतात. कोणी चौकट धरतं, कोणी बरोबरच्या माणसाचा खांदा. उजेडातून सावलीत आलेला तुमचा-माझा डोळा थोड्या वेळात सावरतो. इथे आलेल्यांपैकी बहुतेकांचा तो सावरत नाही. म्हणून दाराशी उभ्या असलेल्या मावशी एकेकाला हाताला धरून बाकापर्यंत नेतात. "दोन पायऱ्या हायेत, भाऊ. पयली. आता दुसरी. हां, बसा."

महिन्यातला हा एक गुरुवार डोळ्याच्या पडद्याच्या आनुवंशिक आजारांसाठी राखलेला असतो. त्यांतला सगळ्यांत जास्त दिसणारा आजार म्हणजे रेटिनायटिस पिगमेंटोसा. एवढं लांब नाव इथे कोणी घेत नाही, सगळे 'आरपी' म्हणतात. गावात त्याला रातांधळेपणा म्हणतात, कारण सुरुवात तिथून होते: संध्याकाळी बांधावरून घरी येताना पाय चुकतो, लग्नाच्या मांडवात वाढलेलं ताट दिसत नाही. मग हळूहळू बाजूचं दिसणं जातं आणि शेवटी समोरचा लहानसा गोल तेवढा उरतो. जगात साधारण चार हजारांत एकाला हा आजार असतो असं धरतात. पण याच नागपूरच्या आसपासच्या खेड्यांत तीस वर्षांवरच्या ४७११ माणसांचे डोळे तपासले गेले, तेव्हा प्रमाण साडेसातशेत एक असं निघालं. बाकावरची गर्दी पाहिली की तो आकडा खरा वाटतो. काटोल, नरखेड, वरूड, उमरेड, भंडारा, एकजण तर थेट बालाघाटहून आलेला.

पडदाविकाराचे डॉक्टर सहा नंबरच्या खोलीत बसतात. पण त्यांच्याकडे जाण्याआधी प्रत्येकाला पाच नंबरमधून जावं लागतं आणि तिथे काचबिंदूच्या डॉक्टर बसतात. हा क्रम त्यांनी अक्षरशः भांडून लावून घेतला, असं रजिस्टर लिहिणारी सिस्टर मला सांगते. दुसरीकडे कुठेही डोळे दाखवायला गेलं की पहिल्यांदा बाहुली मोठी करणारे थेंब पडतात आणि माणूस डोळे मिटून बसून राहतो. इथे थेंबांचा ट्रे पाच नंबरच्या दाराबाहेर ठेवलेला आहे. आतून कागदावर लाल शिक्का बसल्याशिवाय सिस्टर बाटलीला हात लावत नाही. शिक्क्यावर दोनच शब्द आहेत: 'अँगल पाहिला'.

डॉक्टरांची आणि रुग्णांची परवानगी घेऊन मी पाच नंबरच्या कोपऱ्यात स्टुलावर बसले आहे. खोलीत अंधार, कूलरचा घर्रघर्र आवाज, वाळ्याचा वास आणि स्लिटलॅम्पची उभी पांढरी रेघ. डॉक्टर पन्नाशीच्या असतील. बोलतात भरभर, पण रुग्णाची हनुवटी टेकवताना हात सावकाश हलतात.

पहिले तीन-चार रुग्ण लवकर होतात. प्रेशर १४, १६, १५. अँगल उघडा. शिक्का. थेंब. जा सहा नंबरला.

मग बाहेर गडबड ऐकू येते. एक तरुण मुलगा एका माणसाला जवळजवळ उचलूनच आत आणतो. वय अठ्ठेचाळीस, काटोलकडचे, दोन एकर संत्र्याची बाग. उजव्या डोळ्यावर गमछा दाबलेला. चेहरा राखेच्या रंगाचा पडलेला.

"काय होतंय, भाऊ?"

"डोया लयच ठनकून राह्यला, बाई. डोकं हे इकून फुटून राह्यलं. चार दिस झाले. उलट्या बी झाल्या."

"कोणाला दाखवलं?"

"मेडिकलवाल्यानं पित्ताची गोयी देल्ली."

पुतण्या मधेच सांगतो, "काकांले आरपी आहे, मॅडम. मांगं एका डोळ्याच्या डॉक्टरले बी दाखवलं होतं. ते म्हणले, पडदाच गेला आहे, याले काही इलाज नाही."

गमछा बाजूला होतो. मी बसले आहे तिथूनही दिसतं की तो डोळा वेगळा आहे. पांढरा भाग लालबुंद, बुबुळ धुरकट. बाहुली अर्धवट मोठी होऊन तशीच अडकलेली, टॉर्चच्या उजेडाला काहीच दाद देत नाही. डॉक्टर काही न बोलता निळा प्रकाश लावतात आणि प्रेशर मोजायचा शंकू डोळ्याला अलगद टेकवतात.

"बावन्न," त्या म्हणतात. सिस्टर लिहिता लिहिता वर बघते. दहा ते एकवीसच्या दरम्यान असायला हवं ते प्रेशर बावन्न आहे.

डाव्या डोळ्यात चोवीस.

यानंतरचा पाव तास खोलीत वेगळीच घाई आहे. सलाईनचा स्टँड येतो. हृदयाचा, किडनीचा काही त्रास आहे का, सल्फाच्या गोळीनं कधी अंगावर उठलं होतं का, हे प्रश्न पुतण्याला विचारले जातात आणि काका स्वतःच क्षीण आवाजात 'नाही, नाही' म्हणत राहतात. शिरेतून मॅनिटॉल सुरू होतं. असेटाझोलामाइडच्या गोळ्या दिल्या जातात. "बोटांना मुंग्या येतील, घाबरायचं नाही. जेवताना केळं खायचं." प्रेशर कमी करणारे दोन थेंब डोळ्यात पडतात. शिकाऊ डॉक्टर मुलगी तिसरी बाटली, पायलोकार्पिन, पुढे करते. बाहुली लहान करणारा हा थेंब अशा वेळी पुस्तकाप्रमाणे घालतातच. डॉक्टर तिचा हात अडवतात.

"थांब. आधी याचं भिंग बघ. डोळा हलव म्हणावं त्यांना."

मुलगी स्लिटलॅम्पला डोळे लावते. "वर बघा, काका. खाली. परत सरळ." मग ती मागे होते. "थरथरतंय, मॅडम. भिंगच थरथरतंय."

डोळ्यातलं भिंग चहूबाजूंनी बारीक तंतूंनी ताणून धरलेलं असतं. आरपीच्या काही डोळ्यांत हे तंतू सैल पडतात. भिंग पुढे सरकतं, बाहुलीला मागून चिकटतं. डोळ्याच्या आत सतत तयार होणारं पाणी मग बाहुलीतून पुढे येऊ शकत नाही. ते मागेच साठतं, बाहुलीभोवतीची रंगीत चकती, म्हणजे आयरिस, पुढे ढकलली जाते आणि जिथून हे पाणी गाळून बाहेर जातं तो कोपरा, म्हणजे अँगल, बंद होतो. पायलोकार्पिननं या माणसाचे तंतू आणखी ढिले पडले असते आणि भिंग अजून पुढे आलं असतं. ठरलेला उपचार या एका डोळ्याला घातक ठरला असता, आणि ते कळलं कारण कोणीतरी भिंग हलतंय का एवढं पाहिलं.

काकांना बाजूच्या खाटेवर निजवलं जातं. डॉक्टर त्यांच्या कानाशी वाकून सांगतात, "भाऊ, न्हाणीचा नळ चालू राहिला आणि मोरी तुंबली तर काय होतं? तसं तुमच्या डोळ्यात झालंय. हे पित्त नाही. आणि हे आरपीही नाही. हा काचबिंदू आहे."

"काचबिंदू?" पुतण्या गोंधळतो. "पण यायले तं आरपी आहे ना?"

"दोन्ही आहेत."

पुतण्याच्या चेहऱ्यावर जे उमटतं त्याला अविश्वास म्हणता येणार नाही. घराण्यात एक आजार आहे हे त्यानं लहानपणापासून मान्य केलेलं. एका डोळ्याला दोन आजार होऊ शकतात, आणि त्यातला एक अडवता येतो, ही गोष्ट त्याला आजवर कोणी सांगितलीच नव्हती.

मॅनिटॉल उतरतंय तोवर डॉक्टर काकांची जुनी फाइल चाळतात आणि मला जवळ बोलावतात. प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणलेले अकरा वर्षांचे कागद. वेगवेगळे दवाखाने, वेगवेगळी अक्षरं. प्रत्येक पानावर जवळपास तेच: 'दोन्ही डोळे, आरपी'. मग 'व्हिटॅमिन ए', मग 'काळा चष्मा', मग 'सहा महिन्यांनी दाखवणे'. दोन पानांवर प्रेशरसाठी छापलेली चौकट आहे आणि ती कोरी आहे. अँगल तपासल्याची नोंद कुठेच नाही. प्रत्येक भेटीत बाहुली मोठी करणारे थेंब मात्र घातलेले आहेत. अरुंद अँगलच्या डोळ्यात ते थेंब टाकणं म्हणजे असा झटका ओढवून घेण्याचा धोका पत्करणं.

ती कोरी चौकट माझ्या नजरेसमोरून हलत नाही. निष्काळजी लोकांनी ती कोरी ठेवली असं म्हणून मोकळं होता येत नाही. डॉक्टरांचं म्हणणं मला पटतं: आरपीचं निदान इतकं मोठं, इतकं अंतिम वाटतं की त्यानंतर डॉक्टर आणि रुग्ण दोघेही शोधायचं थांबवतात. पुढे जे काही बिघडतं ते आरपीच्या खात्यावर जमा होतं. दिसणं कमी झालं? आरपी वाढला. डोकं दुखतं? डोळ्यांवर ताण येत असेल. ज्या आजाराला इलाज नाही त्याच्या नावाखाली इलाज असलेला आजार वर्षानुवर्षं झाकून राहतो, आणि डोळा जातो तो त्या दुसऱ्यानं.

"यात आणखी एक अडचण आहे," असं म्हणत डॉक्टर भिंतीवरच्या पडद्यावर दोन नकाशे लावतात. फील्ड टेस्टचे. या तपासणीत रुग्ण एका अर्धगोलाकार भांड्यासमोर बसतो, मधल्या खुणेवर नजर ठेवतो आणि कडेला ठिपका चमकला की बटण दाबतो. जिथे दिसत नाही ती जागा कागदावर काळी होते. पहिला नकाशा साध्या काचबिंदूचा: नाकाच्या बाजूनं सुरू झालेला, कमानीसारखा वाकलेला काळा पट्टा. दुसरा काकांचा, तीन वर्षांपूर्वीचा: सगळा कागद काळा आणि मध्यभागी जेमतेम दहा अंशांची पांढरी जागा.

"आता मला सांगा, यात काचबिंदूचा पट्टा कुठे शोधू?"

शोधायला जागाच उरलेली नाही. नस पाहून ओळखावं म्हटलं तर तेही सोपं नाही. काचबिंदूत डोळ्यामागच्या नसेच्या तोंडाशी खड्डा पडत जातो, तो बघून निदान होतं. आरपीत तीच नस मेणासारखी फिकट पडलेली असते, तिच्यावरच्या रक्तवाहिन्या दोऱ्याइतक्या बारीक झालेल्या असतात, आणि अशा फिकट नसेत खड्डा चटकन नजरेत येत नाही. म्हणजे काचबिंदू पकडायच्या तीन वाटांपैकी दोन आरपीनं आधीच बुजवलेल्या. उरते ती तिसरी: प्रेशर मोजा आणि अँगलमध्ये डोकावून बघा. प्रेशर मोजायला मिनिटही लागत नाही. अँगल बघायला छोट्या आरशांची एक काच डोळ्यावर टेकवावी लागते आणि रुग्णाला थोडा वेळ पापणी न मिटता बसावं लागतं. इतकंच.

दोन्ही आजार डोळ्याच्या मागच्या बाजूलाच नुकसान करतात, पण वेगळ्या थरांत. एका डोळ्याच्या पडद्यावर मंद उजेड टिपणाऱ्या साधारण बारा कोटी पेशी असतात आणि रंग व बारकावे टिपणाऱ्या साठेक लाख. आरपीत आधी पहिल्या मरतात, मग दुसऱ्या. या सगळ्यांनी टिपलेलं मेंदूकडे पोचवणारे तंतू मात्र फक्त दहा-बारा लाख असतात आणि तेच एकत्र येऊन नस बनते. काचबिंदू हे तंतू मारतो. आरपीच्या माणसाजवळ टिपणाऱ्या पेशी थोड्याच शिल्लक राहिलेल्या असतात. त्या थोड्यांनी टिपलेलंही पुढे जाऊ नये, हा काचबिंदूचा घाव. धडधाकट डोळ्याचा काचबिंदूनं एखादा कोपरा गेला तर माणसाला वर्षभर कळतही नाही. यांच्याकडे गमवायला कोपराच नाही.

खाटेवरून कण्हणं थांबलं आहे. पुतण्या काकांचे तळवे चोळतोय.

मधल्या वेळात एक निवृत्त शिक्षक येऊन जातात. आरपीबरोबर त्यांच्या पडद्याच्या मध्यभागी सूज आहे आणि त्यासाठी त्यांना डॉर्झोलामाइडचे थेंब दिलेत. औषधाच्या खोक्यावरच्या कागदात 'काचबिंदूसाठी' असं वाचून त्यांनी ते बंद केले. चुकून दुसऱ्याचं औषध आलं असं त्यांना वाटलं. डॉक्टर त्यांना समजावतात की हे औषध प्रेशरही उतरवतं आणि पडद्यावरची सूजही ओढून घेतं, मघाशी काकांना दिलेल्या गोळीच्याच कुळातलं आहे. मास्तर वहीत लिहून घेतात. याउलट कोणी सुजेसाठी स्टेरॉइडचे थेंब स्वतःच्या मनानं महिनोन् महिने घातले तर त्यानंच प्रेशर चढू शकतं, हेही ते लिहून घेतात आणि लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवतात.

मग एक मुलगी येते. एकोणीस वर्षांची, आई-वडील दोघेही बरोबर. चष्मा जाड, पण खेड्यातल्या शाळेत दिसतो तसा उणे नंबरचा नाही. काचेमागे डोळे मोठे दिसतायत, म्हणजे अधिक नंबर. तिला आरपी नाही. तिच्या पडद्यावर पिवळे डाग आहेत आणि मधल्या भागात पाणी साठलंय. पूर्वीच्या चिठ्ठीवर 'बेस्ट डिसीज' लिहिलंय. फ्रीडरिश बेस्ट या जर्मन डॉक्टरांनी १९०५ साली ज्याचं वर्णन केलं तो आजार. पण त्यात आई-वडिलांपैकी एकाकडून दोष येणं पुरतं, आणि इथे आई-वडील दोघांच्याही पडद्यात काही दिसलेलं नाही.

"तुमचं नात्यातलं लग्न आहे का?" डॉक्टर विचारतात.

आई वडिलांकडे पाहते. "हो, मॅडम. मी यांची मामेबहीण."

त्यात त्यांना संकोच वाटावा असं काही नाही. मामाची मुलगी करणं आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या रीतीचं मानलं गेलं. डॉक्टरही सूर बदलत नाहीत. त्या कागदावर दोन वर्तुळं काढतात आणि सांगतात: प्रत्येकाकडे एका जनुकाच्या दोन प्रती असतात. तुम्हा दोघांची एकेक प्रत बिघडलेली आहे, बहुधा एकाच पूर्वजाकडून आलेली. दुसरी चांगली आहे म्हणून तुम्हाला काही झालं नाही. हिच्या वाट्याला दोन्ही बिघडलेल्या आल्या. प्रत्येक मुलामागे ही शक्यता चारात एक. बेस्ट-१ नावाचं हे जनुक अकराव्या गुणसूत्रावर असतं. १९९८ साली ते सापडलं आणि दोन्ही प्रती बिघडल्यावर होणारा आजार वेगळा आहे हे २००८ मध्ये मांडलं गेलं. म्हणजे ही मुलगी तिच्या आजाराच्या ओळखीपेक्षा वयानं मोठी की लहान, याचा हिशोब मांडायला फारशी वर्षं मोजावी लागत नाहीत, इतकं हे ज्ञान ताजं आहे.

या आजारात डोळा बहुतेक वेळा आखूड राहतो. मोठ्या माणसाचा डोळा पुढून मागे साधारण साडेतेवीस मिलिमीटर असतो. हिचा यंत्रावर २०.६ भरतो. डोळा आखूड, पण भिंग नेहमीच्या मापाचं. मग आतल्या जागेत दाटी होते आणि अँगल चिंचोळा राहतो. एमएफआरपी नावाचं आणखी एक जनुक आहे, ते बिघडलं तर एकाच माणसात अतिआखूड डोळा आणि आरपी दोन्ही येतात. पडद्याचा आजार आणि काचबिंदू हे योगायोगानं एका डोळ्यात भेटत नाहीत, काही घराण्यांत ते एकाच मुळापासून फुटतात. हे मी वाचलं होतं. समोर एकोणीस वर्षांची मुलगी हनुवटी टेकवून बसल्यावर त्या वाक्याचं वजन वेगळं होतं.

प्रेशर उजव्यात ३१, डाव्यात २८. दुखणं काहीच नाही. ती फक्त म्हणते, "रात्री बल्बाभोवती रंगीत कडं दिसतं कधीकधी. मला वाटलं चष्मा पुसला नाही म्हणून असेल."

डॉक्टर आरशांची काच तिच्या डोळ्यावर टेकवतात आणि बराच वेळ फिरवून पाहतात. मग शिकाऊ मुलीला पाहू देतात, मग सहाय्यक भिंगातून मला. मला सुरुवातीला तपकिरी आयरिसचा उतार आणि पांढरट कड एवढंच दिसतं. "मध्ये एक करडी पट्टी दिसायला हवी," डॉक्टर सांगतात. "दिसते?" दिसत नाही. आयरिस कडेला जाऊन टेकलेली आहे.

तिच्या कागदावर शिक्का बसत नाही. लाल पेननं मोठ्या अक्षरात लिहिलं जातं: 'बाहुली मोठी करू नये'. दोन्ही डोळ्यांना लेझर, प्रेशरचे थेंब, घरी असलेल्या धाकट्या भावाला पुढच्या आठवड्यात घेऊन येणं. अशा आखूड डोळ्यांत शस्त्रक्रिया करायची वेळ आली तर ती फार जपून करावी लागते, कारण आत पाणी साठून सगळंच पुढे ढकललं जाण्याचा धोका असतो, म्हणून ती वेळच येऊ नये यासाठी ही धडपड.

आई थोडं घुटमळते. "हिच्या लग्नाचं, मॅडम..."

"नात्यात करू नका. बाहेरचा मुलगा असेल आणि त्याच्याकडे हाच दोष नसेल, तर हिच्या मुलांना हा आजार होणार नाही. तपासणी करून घेता येते. आणि लग्नाआधी हिला बी.एस्सी. पूर्ण करू द्या, ती आत्ताच मला सांगत होती सेकंड इयरला आहे म्हणून."

मुलगी पहिल्यांदा हसते.

पावणेबाराला काकांचं प्रेशर परत मोजतात. तीस. बुबुळावरचा धूर विरळ झालाय, आतली आयरिस आता दिसते. "चला, लेझर करून घेऊ."

लेझरची खोली लहान आहे. काका बसतात, कपाळ पट्टीला टेकतं, डोळ्यावर एक जाड काच. पुतण्यानं त्यांचं डोकं मागून धरलंय. 'टक्' असा कोरडा आवाज होतो. पुन्हा 'टक्'. आयरिसच्या वरच्या कडेला, पापणीखाली झाकली जाईल अशा जागी, एक सूक्ष्म भोक पडतं आणि त्यातून तपकिरी रंगाचा लोट मागून पुढे उसळतो. साठलेल्या पाण्याला वाट मिळाल्याची ती खूण. शिकाऊ मुलीच्या तोंडून "आलं!" निघून जातं. मग डावा डोळा. त्याचा अँगल अजून बंद पडलेला नाही, पण पडणार होता.

एक वाजता उजव्या डोळ्याचं प्रेशर बावीस, डाव्याचं सतरा.

काका आता पाठ टेकून बसलेत. पुतण्यानं आणलेलं केळं खातायत. डॉक्टर समोर स्टूल ओढतात आणि उजव्या डोळ्यासमोर हात धरतात.

"बोटं किती?"

"...दोन." खूप वेळानं.

"बरोबर. भाऊ, आता मी जे सांगते ते नीट ऐका. चार दिवस प्रेशर चढलेलं राहिलं. त्यात नसेचं जे गेलं ते परत येणार नाही. उरलंय ते टिकवायचं. लेझरनं आज वेळ मिळाली, पण तुमचं भिंग सैल आहे, ते परत पुढे येऊ शकतं. म्हणून दोन आठवड्यांत ते काढू, त्याच्या पिशवीत आधाराला एक कडी बसवू आणि नवीन भिंग घालू. मोतीबिंदूसारखंच ऑपरेशन, जरा अवघड."

"अन् आरपी?"

"तो आहेच. त्याला आज माझ्याकडे औषध नाही."

काका मान हलवतात. मग म्हणतात, "इलाजच नाही म्हनले होते, बाई. मंग मी कायले येऊ दवाखान्यात? दोन वर्सं आलोच नाही कुठी."

खोलीत कोणी लगेच बोलत नाही. मग पुतण्या खिशातून मोबाइल काढतो. "मॅडम, हे अमेरिकेचं इंजेक्शन. यूट्यूबवर पाह्यलं. जीन्सचं."

डॉक्टर ते पाहतात. हसण्यावारी नेत नाहीत. २०१७ साली अमेरिकेत मान्यता मिळालेलं हे औषध एका जनुकातल्या दोषापुरतं आहे. आरपीला कारण ठरणारी जनुकं ऐंशीहून जास्त सापडलीत, त्यातलं काकांचं कोणतं हे रक्ततपासणीतून कळेल. दोन्ही डोळ्यांसाठी त्याची किंमत तेव्हा साडेआठ लाख डॉलर होती. पुतण्या आकडा मनात गुणायला लागतो आणि सोडून देतो.

"पण तू पाहतोयस ते चुकीचं नाही," डॉक्टर त्याला म्हणतात. "संशोधन चालू आहे. दहा वर्षांनी तुझ्या काकांच्या जनुकासाठीही काही येईल, कोण जाणे. पण ते औषध पडद्यावर काम करेल. पडद्यावर दिसलेलं मेंदूपर्यंत नेणारी नस तोवर जिवंत असली पाहिजे. ती काचबिंदूनं मेली, तर जगातलं कोणतंही इंजेक्शन आलं तरी तुझ्या काकांच्या कामाचं नाही. म्हणून प्रेशर. म्हणून अँगल. समजलं?"

समजलं की नाही ते पुतण्याच्या पुढच्या प्रश्नातून कळतं. तो काकांकडे वळून विचारतो, "काका, आत्याचं डोकं दुखते म्हणे ना नेहमी? मायग्रेन आहे म्हणून गोया खाते ते?"

काका केळ्याची साल हातात धरून थांबतात. वरूडला दिलेली त्यांची धाकटी बहीण. तिलाही आरपी.

"कधी दुखतं?" डॉक्टरांचा आवाज बदलतो. "संध्याकाळी? अंधारात बसल्यावर?"

"संध्याकायच्यालेच," काका म्हणतात. "चूल पेटवाच्या टायमाले. दिवा धूसर दिसते म्हन्ते."

अंधार पडायला लागला की बाहुली आपसूक मोठी होते आणि चिंचोळा अँगल तेव्हाच मिटतो. डॉक्टर हे कोणाला समजावत बसत नाहीत. सिस्टरला हाक मारतात, "उद्याच्या यादीत एक नाव वाढव. वरूड. पेपर नसला तरी चालेल. आणि वर लिही, थेंब घालायचे नाहीत."

पुतण्याचा फोन लागलेला असतो. रेंजसाठी तो दाराशी जाऊन मोठ्यानं बोलतोय. "आत्या, मी बोलून राह्यलो. काका बरे आहेत. तू आयक. उद्या सकायच्या पयल्या गाडीनं नागपूरले ये. नाही, आरपीसाठी नाही. अवं दुसरंच आहे, त्याले इलाज आहे. ... मामाजींले दे फोन, मी सांगतो त्यायले."